भुईनं धरायच्या आधी

"हात लावू नको. हात तोडीन."

मुकादमांचा हा नमस्कार होता. दुसरे लोक सकाळी राम राम म्हणतात, हे असं म्हणायचे. नुसतं म्हणून थांबले असते तर प्रश्न नव्हता. माझ्या वरच्या ओळीतला समोरचा एक दात खोटा आहे. पोरांनी लहानपणी विचारलं तेव्हा, कारखाना उभा करताना गेला, असं मी छाती काढून सांगितलं होतं. बायकोनं त्याच जेवणात त्यावर पाणी ओतलं. "कसला कारखाना? एका लुळ्या मानसानं ताट फेकून मारलं तुमच्या बाबाले." ताट नव्हतं, चहाचा मग होता. एनॅमलचा. पण एवढ्या दुरुस्तीनं माझी बाजू काही सावरत नाही.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी एवढंच डोळ्यांपुढे आणावं की, धानाच्या बांध्या, त्यात लाल मुरमाचा धुरळा, धुरळ्यात लोखंडाचं जंगल, आणि त्या जंगलावर दोराला लोंबकळणारी माणसं. लोखंड वर चढायचं आणि माणसं खाली यायची. खाली आलेल्यांपैकी बरीचशी आमच्याकडे.

आमच्याकडे म्हणजे मजुरांच्या कॅम्प-एक वस्तीच्या कडेला एक पत्र्याचा लहान दवाखाना होता, तिथल्या प्लास्टरच्या खोलीत मी कामाला होतो. खरं म्हणजे मी रेल्वेचा. वडील दुर्गला गार्ड होते आणि मलाही तिथंच चिकटवायचं ठरलं होतं, पण तपासणीत निघालं की मला लाल आणि हिरवा एकच दिसतो. गाडी उलथवण्यापेक्षा पट्ट्या बांधलेल्या बऱ्या, असं वडिलांनी ठरवलं. रक्त पाहिलं की मला घेरी यायची. लाल दिसत नसतानाही यायची, हे विशेष.

त्या काळी पाठीचा कणा मोडलेला माणूस आला की त्याला कोपऱ्यातली खाट मिळायची. कोणी वाईट नव्हतं. पण त्याचं पुढं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आधी पाय जायचे, मग पाठीला जखमा व्हायच्या, त्या सडायच्या, ताप यायचा, आणि खाट रिकामी व्हायची. मग नागपूरहून आमच्या डॉक्टरीणबाई आल्या. अंगानं काडी, आवाजानं इंजिन. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना, अगदी स्वयंपाक्यालासुद्धा, त्या कोपऱ्यातल्या खाटेभोवती उभं केलं.

"पाठ मोडली म्हणून माणूस मरत नाही," त्या म्हणाल्या. "मरतो तो एका कुशीवर पडून पडून झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या तापानं. ही दोन्ही आपल्या हातातली कामं आहेत. कूस बदलायची सिस्टरनं आणि वॉर्डवाल्यांनी. जेवण बघायचं महाराजनं. सांधे हलवायचे यानं." यानं म्हणजे मी. "सुतारालाही बोलवा. एकाचं काम चुकलं की बाकीच्यांचं फुकट गेलं."

रोज सकाळी अशी पंगत खाटेभोवती बसायची आणि रोग्याच्या देखत प्रत्येकानं आपापलं सांगायचं. आम्हाला वाटलं, बाईंना नागपूरचं ऊन लागलं असावं.

अशा वेळी मुकादम आले.

ते भंडाऱ्याकडचे. खलाशांच्या टोळीचे मुकादम. समुद्रावरचे खलाशी नव्हेत. दोर, कप्प्या आणि हूक लावून लोखंडाचे गर्डर वर चढवणारे. रेल्वेच्या पुलांवर उमर गेलेली. उंच, काळे, मान बैलासारखी. गर्डरचा दोर तुटला, गर्डर झोके खात आला आणि त्यानं त्यांना मचाणावरून असं उडवलं की खाली उभे असलेले लोक म्हणाले, आधी आम्हाला वाटलं कोणाचा सदरा उडाला. खाली मुरमावर पाठीवर आदळले. आमच्याकडे आणले तेव्हा कमरेखाली काही नव्हतं. टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. वरचा अर्धा मात्र जसाच्या तसा होता आणि तो सगळा संतापाचा बनलेला होता.

कूस बदलायला चार माणसं लागत. डोकं, खांदे, कंबर आणि पाय एकदम वळवायचे, ओंडका वळवावा तसे, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. मुकादमांना वळवताना पाचवा माणूस लागायचा, मार खायला. स्वयंपाक्याच्या कानावर बसली तेव्हा तो दोन दिवस सगळ्यांशी ओरडून बोलत होता. एका वॉर्डवाल्याचं मनगट त्यांनी असं पिरगाळलं की मलाच त्याला प्लास्टर घालावं लागलं. सिस्टर केरळच्या होत्या, त्यांचं हिंदी मोजकं होतं पण पक्कं होतं. त्यांच्याही गालावर एकदा पाच बोटं उठली. त्यांनी गालाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "मारो, मुकादम, मारो. पहले करवट, बाद में मारो."

मुकादमांनी हात खाली घेतला. मला वाटतं, त्या दिवसापासून सिस्टरना त्यांनी माणसांत धरलं. मला धरायला वेळ लागला. मला ते 'चुनेवाल्या' म्हणायचे. प्लास्टर म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीला मारायचा चुना.

पुढं त्यांच्या पायांनी एक नवीनच प्रकार सुरू केला. ज्या पायांना टाचणी कळत नव्हती ते पाय आपोआप झटके मारू लागले. बाई म्हणाल्या, असं होतं, कण्याचा वरचा हुकूम तुटला की खालचे पाय स्वतःच्या मर्जीनं उडतात. एकदा ठेकेदाराचा मुनीम संत्र्यांची टोपली घेऊन भेटीला आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, कंपनी तुमच्या पाठीशी आहे, वगैरे म्हणू लागला, तोच उजवा पाय उडाला आणि मुनीम संत्र्यांसकट भुईवर बसला.

"म्या नाही मारली," मुकादम शांतपणे म्हणाले. "पाय माह्या आयकन्यात नाही. म्या तर कानाखाली देनार होतो."

सगळा वॉर्ड हसला. मी संत्री गोळा करायला वाकलो होतो म्हणून मला त्यांचा चेहरा खालून दिसला. ते हसत नव्हते. मुनीम गेल्यावर त्यांनी चादर बाजूला केली आणि स्वतःच्या मांडीवर मुठी मारायला सुरुवात केली. धोबी कपडा आपटतो तशा. "आता हालतं? साल्या, आता हालतं? मी म्हनतो तवा कावून हालत नाही बे?" मांड्या काळ्यानिळ्या झाल्या तरी त्यांना काही कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणूनच ते आणखी जोरानं मारत होते. सिस्टर आणि मी, एकेका हाताला लटकलो. खरंच लटकलो, माझे पाय जमिनीवरून सुटले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खाटेवरच्या आढ्याला एक जाड दोर बांधवून घेतला.  मुकादमांनी दोराकडे पाहिलं. मग हात वर करून तो चाचपला, गाठ पाहिली.

"ही गाठ कोन्या गाढवानं मारली?"

"सुतारानं," बाई म्हणाल्या.

"मानूस मरन. सोडा. मी बांधतो."

तिथून त्यांचा संताप कामाला लागला. दोराला धरून ते स्वतःचं धड उचलायचे, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर स्वतः वळायचे, खुर्चीत बसवलं की हातांवर जोर देऊन बूड वर उचलायचे, म्हणजे जखम होत नाही. आणि स्वतः करून झालं की बाकीच्या खाटांवर तोंड सोडायचे. "ए तेलंग्या, उचल बे बूड! झोपून का राहिला? सडशीन लेका, कुत्रंही खानार नाही तुले!" हे त्याला समजत नसे, पण आवाजानंच तो उचलायचा. कोपऱ्यातली खाट रिकामी व्हायची थांबली. बाईंची शिस्त आणि मुकादमांच्या शिव्या, असं दुहेरी औषध आमच्याकडे चालू झालं.

पण बाईंच्या डोक्यात एक वेगळाच किडा होता. काही जणांच्या एक्स-रेमध्ये हाड थोडंसंच सरकलेलं दिसे आणि पाय मात्र पार गेलेले. असं का? त्या प्रत्येकाला विचारू लागल्या: पडल्यावर काय झालं? पाय हलत होते का? कोणी उचललं, कसं उचललं? मी दुभाषा. तेलुगू मला येत नव्हतं, पण हातवारे येत होते. एकदा पडल्याचा अभिनय करताना मी खरोखरच स्टुलावरून पडलो. उत्तरं मात्र सगळी एकच येत होती. 'खडा किया था.' उभा केला होता.

खलाशांचा तो दंडकच होता. पुलावरून असो की चिमणीवरून, माणूस पडला की त्याला आडवा राहू द्यायचा नाही. बखोटीला धरून तिथल्या तिथं उभा करायचा आणि चार पावलं चालवायचा. आडवा राहिला तर भुई त्याला धरते, मग सोडत नाही. भुईनं धरायच्या आधी उभा करायचा. जो उभा करत नाही तो मित्र कसला?

शेवटी बाईंनी मुकादमांना विचारलं. दुपारची वेळ होती, भेटीला येणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायची होती. मी मुकादमांच्या घोट्याचे सांधे हलवत बसलो होतो.

"पडलात तेव्हा पाय हलत होते, मुकादम?"

"हालत होते ना. आग होऊन राहिली होती दोन्ही पायांत. बोटं हालत होते. मीच वरडलो, उभा करा मले म्हनून." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. "पोट्ट्यांनी केला उभा. माहा साळा अन् दोघं जन. पयल्याच पावलाले कमरेत कटकन वाजलं अन् पाय गेले. भुईनं धरलंच शेवटी. उशीर झाला त्याह्यले."

 मी घोटा हलवायचा थांबलो.

"कावून गप झाल्या बाई?"

खोटं बोलता आलं असतं. आपण सगळे बोललो असतो. मी तर नक्कीच. बाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सांगितलं. कणा म्हणजे हाडांची नळी, आत दोरी. पडल्यानं नळी तडकली होती, दोरी शाबूत होती, म्हणून तर बोटं हलत होती. उभं केल्यावर नळी दुमडली आणि दोरी कापली गेली. कमरेत वाजलं ते तेच.

"मंग पडून राह्यलो असतो तं?"

"फळीवर तसंच आडवं आणलं असतं तर कदाचित चालला असतात."

बाईंनी 'कदाचित' म्हटलं होतं. मुकादमांनी तो शब्द ऐकला की नाही, मला माहीत नाही. कारण त्याच वेळी दारातून त्यांचा साळा डबा घेऊन आत आला. मुकादमांची बायको वारली होती. तिचा हा धाकटा भाऊ त्यांनीच वाढवला, खलाशी केला, आणि आता त्यांच्या जागी तोच टोळीचा मुकादम होता. दर भेटीला डबा आणायचा. त्यानं डबा खाली ठेवला आणि, "कसे आहा भाऊजी?" म्हणत उशीजवळ वाकला.

मुकादमांनी त्याचा गळा धरला.

शिवी नाही, शब्द नाही. दोन्ही अंगठे गळ्याच्या घाटीवर. दोरावर तयार झालेले ते हात होते, आम्हीच तयार केलेले. साळ्याचे डोळे बाहेर आले, तोंड काळं पडलं, पाय खाटेखाली खरडू लागले. तो हात उचलून प्रतिकारसुद्धा करत नव्हता. मी मुकादमांच्या हाताला चावलो. हो, चावलो, दात एक कमी असताना चावणं सोपं नसतं. शेवटी सिस्टरनी लोखंडी ट्रे त्यांच्या मनगटांवर घातला, पुन्हा घातला, हाड दिसेतो घातला, तेव्हा पकड सुटली.

साळा भुईवर खोकत होता. "तुम्हीच तं शिकवलं भाऊजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुम्हीच शिकवलं ना. जामुलले तुम्हीच त्या पोट्ट्याले..."

मुकादम थिजले. मनगटातून रक्त चादरीवर पडत होतं.

"हो," ते म्हणाले. "जामुलच्या सिमेंटच्या कारखान्यावर. तो बोलून राहिला होता. पानी मांगून राहिला होता. म्या उभा केला, चालवला. मंग त्यानं पानी नाही मांगतलं." आणि मग भिंतीकडे तोंड करून, "भुईनं नाही धरलं बे. आपनच मोडलं."

मी हे सगळं पाहिलं आणि अर्थातच घेरी येऊन पडलो. मला कोणी उभं केलं नाही.

त्यानंतर मुकादमांना एकच ध्यास लागला: ही रीत मोडायची. सुतारानं आणि एका सायकलवाल्यानं मिळून त्यांना हातानं चालवायची तीनचाकी खुर्ची करून दिली. रोज सकाळी, टोळ्या कामावर जायच्या वेळी, ते कामाच्या फाटकाशी जाऊन बसत. मांडीवर बांबूची काठी. त्यांना धड परत आणायला बाई मला पाठवायच्या, खांद्यावर एक लांब फळी देऊन. पडलेल्याला फळीवर कसं घ्यायचं ते दाखवायला ती फळी. तिच्यामागे लपताही येई.

"पडला मानूस तं पडू द्या!" मुकादम ओरडत. "हात लावू नका! हात तोडीन! फळी येईस्तवर हालवू नका त्याले!"

आता तुम्हीच विचार करा. सकाळी सकाळी उंचावर चढायला निघालेला माणूस. त्याच्या वाटेवर लुळा माणूस बसलेला, आणि तो पडण्याच्या गोष्टी करतो आहे. यापेक्षा मोठा अपशकुन कोणता? लोक थुंकायचे. मग खडे आले, मग दगड. एकदा त्यांची भुवई फुटली. त्यांनीही काठीनं दोघांची नडगी फोडली. चौकीदारानं खुर्ची नालीत ढकलून दिली. मुकादम नालीतूनच ओरडत राहिले. बाईंनी ठेकेदाराला गळ घालून मोठ्या कामांवर फळ्या ठेवायला लावल्या, तर लोक त्यांच्यावर बसून भाकरी खाऊ लागले. साळा रोज समोरून टोळी घेऊन जायचा. मान खाली. डबा आता तो वॉर्डच्या दारात ठेवून निघून जायचा.

"तुमच्या साळ्याला तरी पटलं असेल," मी एकदा म्हणालो.

"त्याले पटून का होते? एकट्याचं कोन आयकते? टोळी म्हनन, मुकादम भ्याला." मग म्हणाले, "मी त्याच्या जागी असतो तं मीही नसतं आयकलं, चुनेवाल्या. असल्या मानसाले म्या दगडच मारला असता. नेम धरून."

आणि मग तो दिवस आला. फाटकाच्या आतच, कुंपणाला लागून, साळ्याची टोळी एक खांब उभा करत होती. वरून एक जण सुटला. कोहका गावाकडचा छत्तीसगढी गडी, नुकतं लग्न झालेला, दुसऱ्या फाटकावरच्या टोळीतून त्याच सकाळी इकडे आलेला. मध्ये एका आडव्या पट्टीवर आपटला, फिरला, आणि मुरमाच्या ढिगावर उताणा पडला. आवाज असा आला की माझ्या हातातला चहा खाली गेला. तो जिवंत होता. ओरडत होता. आणि मी पाहिलं, त्याचे पाय हलत होते.

टोळी वरून खाली धावली. मुकादमांची खुर्ची तिच्या आधी फाटकातून आत गेली. चाक दगडाला अडलं तेव्हा त्यांनी स्वतःला पुढं फेकलं, कोपरांवर सरपटत ढिगावर चढले, आणि पहिला जो वाकला त्याच्या मनगटावर काठी घातली. दुसऱ्याच्या तोंडावर घातली. एवढ्यात पडलेला गडी घाबरून उठायला बघू लागला. मान उचलली, कंबर वळली.

तेव्हा मुकादमांनी काठी टाकून दिली.

दोन्ही तळव्यांनी त्यांनी त्याचं डोकं कानांपाशी धरलं आणि जागच्या जागी ठेवलं. "हालू नको राजा. पडून राह्य. भुई काही करत नाही. पडून राह्य." ते पालथे पडलेले होते, हनुवटी मुरमात, दोन्ही हात त्या डोक्याला. म्हणजे मारायला हात उरला नव्हता. आयुष्यभर ज्याला हातच माहीत होता त्या माणसाच्या पाठीत पहिली लाथ बसली आणि तो नुसता 'हं' म्हणाला.

"हटा ओला! पगला गे हे का?" लोक ओरडत होते. "अबे मर जाएगा वो, खडा करो!" त्यांना वाटत होतं हा लुळा आमच्या माणसाला मारतो आहे, भुईच्या हवाली करतो आहे. त्यांच्या मायेनंच ते पिसाळले होते. लाथा बरगड्यांत बसल्या, तोंडावर बसल्या. कोणीतरी दोराच्या वेटोळ्यानं हाणलं. मी फळी पुढं करून घुसलो, तर फळीसकट मागं भिरकावला गेलो. शेवटी दोघांनी मुकादमांचे पाय धरून खेचले. ते सुटेनात तसे झटका दिला. मांडीत हाड मोडलं, लाकूड मोडावं तसं. मुकादमांना त्याचा पत्ताही लागला नाही. ते त्या गड्याशीच बोलत होते.

साळ्यानं मात्र ऐकलं. तो आवाज त्यानं आधी एकदा ऐकला होता, आपल्या हातात. त्यानं कमरेचा हातभर लांब पाना काढला आणि आपल्याच माणसाच्या खांद्यावर घातला. मग दुसऱ्याच्या गुडघ्यावर. मुकादम आणि तो गडी या दोघांच्या अंगावर पाय फाकवून उभा राहिला आणि रडत ओरडला, "जो पुढे येईन त्याचं टाळकं फोडीन! मागे व्हा! म्या उभा केलतं याले! म्या मोडला माह्या भाऊजीले!"

टोळी थांबली. मी फळी घेऊन रांगत पोचलो. अभिमानानं सांगण्यासारखं नाही, पण पोचलो.

"सरकव खालून," मुकादम म्हणाले. तोंडातून रक्त येत होतं. "या बे सारे. जोर कोनी लावू नका. माह्या आवाजावर, सारे संग. काचेचा गर्डर हाय समजा." आणि ज्यांनी आत्ता लाथा मारल्या होत्या ते सगळे, फुटक्या मनगटाचासुद्धा, खाली बसले. कारण आवाज मुकादमाचा होता आणि खलाशाचे हात त्या आवाजाला आपोआप उचलतात. "हौले... हौले... हैऽऽ!" तो माणूस इतका अलगद उचलला गेला की त्याच्या पोटावर पडलेला मुरमाचा खडासुद्धा घरंगळला नाही. फळी वर गेली. मुकादमांचे तळवे मात्र तसेच उघडे, समोरासमोर, मुरमावर राहिले.

दोघेही आमच्याकडेच आले. गड्याला बाईंनी प्लास्टरच्या खोळीत उताणा निजवला. हलायचं नाही, छताकडे बघत राहायचं. मुकादमांना कोपऱ्यातली खाट मिळाली. त्यांनी ती स्वतःच मागितली. मोडलेली मांडी सुजली, आत पू झाला. कळत नसलेलं दुखणं आतल्या आत पसरत गेलं. बाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. खाटेभोवती रोज पंगत बसत होती, साळा आता सुट्टी टाकून कूस बदलायला पाचवा माणूस म्हणून उभा राहायचा, मार खायचा. मार हलका हलका होत गेला. शेवटी शेवटी नुसता हात त्याच्या अंगावर पडायचा आणि तिथंच राहायचा.

एका दुपारी मी त्या गड्याचे पाय तपासत असताना त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. मी सांगितलं म्हणून हलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला.

"का झालं बे?" कोपऱ्यातून आवाज आला.

"हलला, मुकादम."

"आपोआप, का सांगून?"

"सांगून."

"मंग रडून कावून राहिला, चुनेवाल्या? उजव्याचं पाह्य."

उजव्याचाही हलला, पण तो आठवड्याभरानं. ते ऐकायला मुकादम नव्हते. आदल्याच दुपारी गेले, सिस्टर त्यांची कूस बदलत असताना. सिस्टरनी ती पूर्ण बदलली, उशी नीट लावली, आणि मग बाईंना हाक मारली. शिवनाथ नदीच्या काठावर साळ्यानं अग्नी दिला.

गड्याला प्लास्टरमधून काढलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. आधी दोन कुबड्या, मग एक, मग भिंत. तो चालला तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच आमच्यासमोर डोळे पुसले आणि लगेच सुताराला कशावरून तरी झापलं. घरी जायच्या दिवशी त्याची बायको बाहेर बैलगाडीत बसली होती. तो व्हरांड्यात माझ्याजवळ आला.

"बाबू, ओकर मुँह कइसन रिहिस?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, मुकादमांचा चेहरा कसा होता ते तो विचारत होता. ढिगावर तो आभाळाकडे बघत पडला होता, मुकादम त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला. वॉर्डात तो छताकडे बघत होता, ते कोपऱ्यात. इतके दिवस एका छताखाली काढून, आवाज ऐकून, शिव्या खाऊन, त्यानं त्यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

मी सांगायला लागलो. काळे होते, म्हटलं. मान जाड होती. भुवईवर खूण होती. जसजसं सांगत गेलो तसतसा तो माणूस माझ्या बोलण्यातून निसटत गेला. कोणीही असू शकला असता. 

त्यानं मान हलवली, म्हणजे राहू द्या. मग आपले दोन्ही तळवे आपल्या कानांवर ठेवले, घट्ट, आणि डोळे मिटून घेतले. बायकोनं गाडीतून हाक मारली ती त्याला ऐकू गेली नाही. तो तसाच त्या व्हरांड्यात उभा होता, कशालाही न टेकता, आपल्या दोन पायांवर.